शब्द कळत नाहीत, तरी गाऊ का?

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी सहज लिहून गेले होते की मन उतरलं की मी तेलुगू सिनेमाची जुनी गाणी लावून बसते, त्यांनी आत्मसन्मान वाढतो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं येतील असं संपादकांनाही वाटलं नव्हतं. बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न हाच की धंतोलीत राहणाऱ्या मराठी बाईला तेलुगू आलं कुठून? तर सांगते. वडील रेल्वेत गार्ड. लहानपण अजनीच्या रेल्वे क्वार्टरांत गेलं आणि भिंतीला भिंत लागून विजयवाड्याचं कुटुंब राहायचं. त्यांच्या घरातल्या अक्का सकाळी दारात मुग्गू, म्हणजे आपली रांगोळी, काढताना गात असत. भाषा मला मोडकीतोडकीच येते, गाणी मात्र पक्की येतात. पुढे शाळेत संगीत शिकवलं, त्यामुळे गाण्याकडे बघायची नजर मास्तरणीची. मी काही डॉक्टर नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा.

प्रश्न : मावशी, वय सव्वीस. राज्यसेवेची पूर्व निघते, मुख्यला अडकते. बरोबरच्या मैत्रिणी कुणी तलाठी झाल्या, कुणी बँकेत लागल्या. लग्नकार्यात गेलं की ‘सध्या काय सुरू आहे तुझं?’ हा प्रश्न ठरलेला, म्हणून मी जाणंच सोडलं. शंकरनगरच्या अभ्यासिकेतून रात्री मेट्रोने जयप्रकाशनगरला येते, सीताबर्डीला गाडी बदलते, आणि तेवढा वेळ कानात तेलुगू गाणी असतात. एक अक्षर कळत नाही, पण वाटतं आपण काहीही करू शकतो. घराची बेल वाजवली की सगळं उतरतं. आई म्हणते, ‘अभ्यास सोडून ही मद्रासी गाणी काय ऐकत बसतेस?’ मी स्वतःला फसवतेय का?

उत्तर : आधी आईचं बघू. बल्लारशाच्या पलीकडचं सगळं नागपुरात मद्रासीच असतं, तेव्हा त्यांच्यावर रागावू नकोस. फक्त एवढं सांग की ही भाषा आपल्याच विदर्भात, सिरोंच्याला, घराघरांत बोलली जाते.

फसवत नाहीस. पण तू अर्ध्यावरच थांबली आहेस.

शब्द कळत नाहीत याचा तुला फायदाच होतोय. मराठीत किंवा हिंदीत कुणी ‘ऊठ, चल, जिंकशील’ असं गायला लागलं की आपल्या आत बसलेला एक वकील लगेच उभा राहतो. कुठली जीत? मागच्या खेपेला कटऑफ हुकला तो कुणाचा? तुझ्या वयाला बाकीच्यांचं काय झालंय बघ. तेलुगू ओळीशी त्याला भांडताच येत नाही, कारण ती त्याला कळतच नाही. मग सूर आणि ठेका सरळ अंगात उतरतात. पाय हलायला लागतो, पाठ ताठ होते, श्वास लांबतो. मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की आवडतं संगीत ऐकताना मेंदूत डोपामिन नावाचं रसायन स्रवतं. गंमत म्हणजे आवडती जागा येण्याआधी, ती आता येणार म्हणून नुसती वाट बघतानाही ते स्रवतं. तेच गाणं पुन्हा पुन्हा लावावंसं का वाटतं, हे त्यावरून कळतं. तर तो मेट्रोतला आनंद खरा आहे. घरी पोचल्यावर उतरला म्हणून खोटा ठरत नाही.

स्वतःबद्दलचा आदर मात्र नुसत्या ऐकण्याने येत नाही. त्यासाठी आपल्या हातून काहीतरी पुरं व्हावं लागतं. म्हणून तुला गृहपाठ देते. एक गाणं शीक, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

कोणतं, तेही सांगते. २००४ च्या ‘ना ऑटोग्राफ’ चित्रपटात चित्राने गायलेलं ‘मौनंगाने एदगमनि’. शब्द चंद्रबोस यांचे, संगीत कीरवाणी यांचं. रोपटं तुला सांगतंय की गाजावाजा न करता वाढ, आणि जसजशी वाढशील तसतशी नम्र होत जा, अशी सुरुवात. पुढे येतं की जिथे सगळी पानं गळून पडतात तिथेच नवी पालवी दिसते. हे वाचताना तुझ्या डोळ्यांपुढे लग्नातल्या काकू-आत्या आल्या असतील. त्या रोपट्याला कुणी विचारत नाही की सध्या काय सुरू आहे, आणि विचारलं तरी ते उत्तर द्यायला बांधील नाही.

आता शिकायचं कसं ते ऐक. एक वही घे. डाव्या पानावर ओळी देवनागरीत लिहून काढ, उजव्या पानावर त्यांचा अर्थ. पहिल्या दिवशी फक्त पल्लवी घे, आपण ज्याला ध्रुपद म्हणतो ते. चरणांच्या मागे लागू नकोस. तेलुगूत बहुतेक शब्द स्वरावर संपतात, त्यामुळे आवाज ओळीत कुठे अडत नाही. ‘मोक्का नीकु चेबुतुंदि’ हे तीन शब्द म्हणून बघ. आपल्या जिभेला ‘झाड’, ‘वाट’, ‘घर’ असं व्यंजनावर ब्रेक मारायची सवय आहे, ती इथे मोडावी लागते. माझ्या विद्यार्थिनी हमखास ‘चेबुतुंद’ म्हणून शेवटचा इकार खाऊन टाकायच्या. तो ऱ्हस्व आहे, पण आहे. श्वास ‘एदगमनि’ झाल्यावर घे, ‘मोक्का’च्या मध्ये घेतलास तर क्क फुटतो. पहिले दोन-तीन दिवस सूर सोडून नुसतं लयीत वाच. मेट्रोत ओठांतल्या ओठांत पुटपुटलीस तरी चालेल, बाजूचा माणूस मोबाइलमध्येच असतो.

गाणं बसलं की कुणासमोर तरी गा. आईसमोर गायलीस तर उत्तम. त्यांना अर्थही सांग. त्या दिवशी तुझ्या खात्यात एक पूर्ण झालेली गोष्ट जमा असेल, जिचा निकाल कुठल्या आयोगाच्या हातात नाही.

आणखी एक गाणं तुला कुणीतरी पाठवेलच. १९९२ च्या ‘पट्टुदला’मधलं, येसुदासांचं ‘एप्पुडु ओप्पुकोवद्दुरा ओटमी’. हार कधी कबूल करू नकोस, धीर कधी सोडू नकोस. चाल इळैयाराजांची आणि शब्द सिरिवेन्नेला सीताराम शास्त्रींचे. शास्त्रींना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२१ च्या नोव्हेंबरात ते गेले. गाणं थोर आहे, ऐक. पण त्यातच ‘एक क्षणही विसावू नकोस’ अशा अर्थाची ओळ येते आणि तिथे माझं नि शास्त्रीबुवांचं जमत नाही. सव्वीस वर्षांच्या पोरीने रात्री सात तास झोपावं, आणि सकाळी तर्री-पोहे खायलासुद्धा बाहेर पडावं.

चंद्रबोस यांचं अजून थोडं सांगते, कारण ते तुझ्या कामाचं आहे. ‘आरआरआर’ सिनेमातलं ‘नाटु नाटु’ लिहिणारे ते हेच. आपल्या सिरोंच्यासमोर, गोदावरीपलीकडे जो जिल्हा लागतो, त्यातल्या एका खेड्यातले. त्यांनीच मुलाखतीत सांगितलंय की त्या गाण्याचा नव्वद टक्के भाग अर्ध्या दिवसात लिहून झाला आणि उरलेल्या दहा टक्क्यांना एकोणीस महिने लागले. पूर्व निघते आणि मुख्यला अडकते, म्हणजे तू सध्या त्या दहा टक्क्यांत आहेस.

आणि हे नीट वाच. लग्नाकार्याला जाणं सोडलंस, इथवर ठीक. पण झोप उडाली, जेवण नकोसं झालं, गाणीही नकोशी झाली आणि असे दोन आठवडे गेले, तर माझ्या गृहपाठाच्या भरवशावर राहू नकोस. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी नंबर आहे. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं. कटऑफ हुकल्यावर तिथे फोन करण्यात काही कमीपणा नाही.

प्रश्न : वय एकाहत्तर. सकाळी अंबाझरीला फिरायला जातो. नातवाने फोनमध्ये तेलुगू नाचाची गाणी भरून दिली आहेत. ती लावली की पाय आपोआप झपझप पडतात. मुलगा म्हणतो, या वयात शोभत नाही.

उत्तर : शोभतं. एक कान मोकळा ठेवा, गाड्यांचे हॉर्न ऐकू आले पाहिजेत. दम लागला तर मात्र तुमचा ठेका धरा, गाण्याचा नको. मुलाला एक दिवस सोबत न्या.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. ‘पुष्पा’ पाहिल्यापासून एक खांदा वर करून चालतो, हनुवटीखालून हात फिरवतो, काही सांगायला गेलं की ‘झुकेगा नहीं’. परवा शाळेत शिक्षक रागावले तर त्यांच्यासमोरच हात फिरवला. आम्हाला बोलावणं आलं. दिवसभर तीच गाणी. तुम्ही म्हणता या गाण्यांनी आत्मसन्मान वाढतो. आमच्याकडे तर उर्मटपणा वाढलाय. बंद करू का सगळं?

उत्तर : भाऊ, बंद करू नका. बंद केलेलं गाणं पोट्टे मित्राच्या फोनवर ऐकतातच, आणि मग तुम्हाला कळतही नाही काय चाललंय.

त्याच्यासोबत बसून तो सिनेमा पुन्हा बघा, आणि मध्येच विचारा की या पुष्पाला एवढा राग कशाचा आहे? २०२१ चा हा चित्रपट पोरांना खांद्यासाठी आठवतो. पण गोष्ट अशी आहे की त्या माणसाला त्याचे सावत्र भाऊ बापाचं नाव लावू देत नाहीत. चारचौघांत अपमान होतो. तो ताठा त्या जखमेवर बांधलेला आहे. नववीतल्या मुलाला तो ताठा एवढा जवळचा का वाटतोय, हे मला तुमच्या पत्रात सापडलं नाही. वर्गात कुणी उंचीवरून, रंगावरून, मार्कांवरून चिडवतं का? घरात मोठ्या भावाशी तुलना होते का? शिक्षकांनी बोलावलं तेव्हा तुम्ही त्याचं ऐकून घेतलंत की बाहेर येताच तिथेच दोन ठेवून दिल्यात? शिक्षकांची माफी त्याने मागायलाच हवी, त्यात सूट नाही. पण आधी हे बघा.

नाचाचं म्हणाल तर त्याच सिनेमातल्या ‘श्रीवल्ली’ गाण्यातलं ते पायातून चप्पल निसटणं आणि पाय ओढत जाणं त्याला एकदा नीट, ठेक्यात करून दाखवायला सांगा. तीन मिनिटांत घाम फुटेल. गणपतीत सोसायटीच्या स्टेजवर बसवून करायला लावा, चार मुलांना शिकवायची जबाबदारी द्या. खांदा वर करायला मेहनत लागत नाही, नाच बसवायला लागते. दुसऱ्याला शिकवताना माणूस आपोआप जरा खाली येतो, हे मी वर्गात कितीदा पाहिलं आहे.

आणि मग ‘नाटु नाटु’ लावा. २०२३ मध्ये जानेवारीत गोल्डन ग्लोब आणि मार्चमध्ये ऑस्कर मिळालं म्हणून सगळ्यांना ते ठाऊक आहे, पण गाण्यात काय चाललंय हे किती जणांनी पाहिलंय? एक गोरा साहेब भर मेजवानीत हिणवतो की तुम्हाला नाचता कुठे येतं. त्यावर राम आणि भीम हे दोघे मित्र नाचून उत्तर देतात. शब्दांत सगळा गावाकडचा माल आहे. शेताच्या धुऱ्यावर धूळ उडवत उसळणारा बैल, ग्रामदेवीच्या जत्रेत घुमणारा पोतराजू, करकर वाजणाऱ्या वहाणा घालून फिरवलेली लाठी, वडाच्या सावलीत जमलेली टोळकी, आणि ज्वारीच्या भाकरीत कालवलेला मिरचीचा ठेचा. आपल्या विदर्भातल्या कुठल्याही घरात दुपारी जे ताटात असतं तेच, आणि ते घेऊन ही माणसं त्या साहेबाच्या पुढ्यात उभी राहतात. लाज नाही, माफी नाही, आणि कुणाला शिवी पण नाही. हे गाणं चित्रित झालं कीव्हमध्ये, युक्रेनच्या राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यासमोर, २०२१ मध्ये. राजवाड्यापुढे भाकरी-ठेच्याचं गाणं, याची मला अजूनही मजा वाटते.

मुलाला दाखवायची जागा मात्र शेवटी आहे. सगळे थकून पडतात, दोघेच उरतात आणि आपसात जुंपते. रामला दिसतं की भीमचं ज्या मुलीवर मन आहे ती बघतेय. मग राम मुद्दाम पडतो आणि मित्राला जिंकू देतो. तिथे थांबवा आणि मुलाला विचारा की हा झुकला की नाही? तो काय म्हणतो ते मला कळवा. त्याच्याशी वाद घालू नका, फक्त विचारा आणि पुढचं गाणं लावा.

प्रश्न : मावशी, माझं माहेर तेलंगणातल्या काझीपेटचं, सासर नागपूरचं. मराठी आता चांगलं येतं, हे पत्र मीच लिहिलंय. घरची माणसं चांगली आहेत. पण स्वयंपाक करताना मी तेलुगू गाणं गुणगुणलं की नणंद ‘यंडूगुंडू’ करून नक्कल करते आणि सगळे हसतात. वाईट हेतू नसतो. तरी मी गुणगुणणं सोडलं. आता बाळ झालंय, त्याला झोपवतानाही यूट्यूबवर मराठी अंगाई लावते. सासूबाई दिवसभर लताबाईंची गाणी लावतात, ती मलाही आवडतात. तुमचं मागचं उत्तर वाचून रडू आलं.

उत्तर : अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि एकही शुद्धलेखनाची चूक सापडली नाही. इथल्या कितीतरी पदवीधरांना जमत नाही ते.

वाईट हेतू नसतो हे मलाही पटतं. पण हेतू चांगला असला तरी तुझा आवाज बंद झालाय, हिशेब तेवढाच आहे. आमच्या अजनीच्या अक्का मराठी मोडकं बोलत, बाजारात लोक त्यांनाही हसत. पण मुग्गू काढताना त्यांचं गाणं कधी थांबलं नाही. घंटसाला, सुशीला या जुन्या तेलुगू गायकांचं, जे मनात येईल ते. माझी आई एकादशीला त्यांच्याकडून तेलुगू भजन शिकली आणि त्या बदल्यात तिने त्यांना जात्यावरच्या ओव्या दिल्या. त्या घरात अक्कांचा मान त्यांच्या गाण्यामुळे होता.

तुझ्याकडे एक हुकमी पान आहे. सासूबाईंना विचार, लताबाईंचं तेलुगू गाणं ऐकलंय का? १९५५ च्या ‘संतानम’ चित्रपटात सुसर्ला दक्षिणामूर्तींच्या संगीतात लताबाईंनी ‘निदुर पोरा तम्मुडा’ ही अंगाई गायली आहे. धाकट्या भावाला झोप म्हणून सांगणारी. आधी त्यांना ती ऐकव. मूळ गाणं त्या डोळे मिटून ऐकतील, याची मी खात्री देते. मग संध्याकाळी बाळाला मांडीवर घे आणि तेच गाणं तू म्हण. यूट्यूब बंद. स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हण, चोरून नको. नणंद हसली तर हसू दे, ओळ पुरी कर.

नणंदेशी भांडण काढायची गरज नाही, पण गप्पही बसू नकोस. तिला सरळ सांग की ताई, तुम्ही नक्कल करता तेव्हा मला लागतं, म्हणून मी गाणं सोडलं होतं. बहुतेकदा समोरच्याला हे माहीतच नसतं. आणि मग तिलाच एक ओळ शिकव. यंडूगुंडू म्हणणं सोपं आहे, ‘चेबुतुंदि’ इकारासकट म्हणून दाखवावं म्हणावं. वर पहिल्या पत्राला जी वहीची युक्ती सांगितली आहे, तीच तिच्यासाठी वापर. सासूबाईंसाठी अक्षर जरा मोठं काढ.

बाळ दोन्ही भाषा शिकेल का, गोंधळेल का, असा प्रश्न घरात निघेल. अजनीच्या क्वार्टरांतली आम्ही पोरं घरात एक, अंगणात दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा बोलून मोठी झालो. कुणी गोंधळलं नाही.

सेमिनरी हिल्सवरच्या बालाजी मंदिरात गेली नसशील तर एखाद्या शनिवारी जा, तिथे तुझी भाषा कानावर पडेल. आता नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत काझीपेटला थांबते, तेव्हा पुढच्या खेपेला आईची आणि आजीची गाणी फोनवर रेकॉर्ड करून आण. मागे कुकरची शिट्टी वाजली तरी चालेल.

आणि बाळ लताबाईंच्या आवाजात लवकर झोपतं की तुझ्या, ते मला जरूर कळव. माझा अंदाज आहे, पण आत्ता सांगत नाही.